मारिया प्रिमाचेंको यांचे प्राणी

पडद्यावर आत्ता दिसतो आहे तो फक्त एक डोळा आहे. टपोरा, आणि भोवतीची प्रत्येक पापणी वेगळी काढलेला. कॅमेरा जसजसा मागे सरकेल तसतसे लक्षात येईल की हा डोळा माणसाचा नाही. तो अशा एका जनावराचा आहे, जे कोणत्याही रानात सापडणार नाही. त्याचे धड कडेने काढलेले आहे, पण दोन्ही डोळे समोरून, थेट आपल्यावर रोखलेले आहेत. अंगावर केसांच्या जागी ठिपके आहेत, पाने आहेत, भरतकामात असावी तशी नक्षी आहे. युक्रेनमध्ये शाळकरी मुलेसुद्धा असा डोळा पाहून चित्रकाराचे नाव सांगू शकतात. ते नाव आहे मारिया प्रिमाचेंको.

त्यांचा जन्म जानेवारी १९०९ मध्ये कीव प्रदेशातील बोलोत्न्या या गावी झाला आणि १९९७ मध्ये निधन झाले तेही त्याच गावी. वडील सुतार होते, कुंपणांवर नक्षीकाम करणारे. आई भरतकाम करत असे, आणि ईस्टरच्या सणासाठी अंड्यांवर नक्षी रंगवण्याची युक्रेनची जुनी रीत घरात चालत आलेली होती. लाकूड, कापड आणि अंड्याचे कवच या तीन पृष्ठभागांवरची नक्षी पाहतच मारिया वाढली. लहानपणीच पोलिओने गाठल्यामुळे तिचे धावणे-खेळणे संपले आणि पाहत बसणे वाढले. त्या स्वतः पुढे एक आठवण सांगत असत. गावाबाहेर हंसांचा कळप राखताना नदीकाठच्या वाळूत त्यांनी काठीने फुले काढली, काही पाहिलेली आणि काही मनातली. तिथेच निळसर माती दिसली, ती ओच्यात भरून घरी आणली आणि घराच्या भिंतीवर चित्र काढले. शेजारीपाजारी पाहायला आले, आणि आमच्याही भिंतीवर काढून दे म्हणू लागले.

त्यांच्या कलेचे शिक्षण कोणत्या संस्थेत झाले, हा प्रश्न अभ्यासक नेहमी विचारतात. मला वाटते, त्याचे खरे उत्तर या भिंतीपाशी आहे.

१९३० च्या दशकाच्या मध्यावर बोलोत्न्याजवळच्या इवान्किव या गावच्या भरतकाम सहकारी मंडळात त्यांचे काम जाणकारांच्या नजरेस पडले आणि त्यांना कीवमधील केंद्रीय प्रायोगिक कार्यशाळेत बोलावण्यात आले. कीवमध्येच त्यांच्या पायांवर दोन शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या आधाराशिवाय उभ्या राहू लागल्या. १९३६ च्या लोककला प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि १९३७ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातही ती पोहोचली. खेड्यातली एक तरुण मुलगी, वय वर्षे अठ्ठावीस. मात्र याच काळाकडे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. अवघ्या तीन-चार वर्षांपूर्वी, १९३२-३३ मध्ये, सोव्हिएत राजवटीने लादलेल्या दुष्काळात युक्रेनच्या खेड्यांतून लाखो माणसे अन्नावाचून मेली होती, आणि कीव प्रदेश त्यात सर्वाधिक होरपळलेल्या भागांपैकी एक होता. त्याविषयी उघड बोलणेही धोक्याचे होते. अशा वेळी जी मुलगी पांढऱ्या कागदावर एकामागून एक जनावरे काढते, ती केवळ सजावट करते आहे असे मानायला माझे मन तयार होत नाही.

त्यानंतर युद्ध आले. त्यांचे जोडीदार सैन्यात गेले ते परतलेच नाहीत. भावाला नाझींनी ठार मारले. १९४१ मध्ये जन्मलेला मुलगा फेदिर त्यांनी बोलोत्न्यात एकटीने वाढवला. पुढे तोही चित्रकार झाला. युद्धानंतर बरीच वर्षे त्यांचे काम मंदावले होते. १९६० च्या दशकात मात्र ते असे काही उसळले की सुरुवातीच्या काळातली पांढरी पार्श्वभूमी मागे पडली आणि कागद काठोकाठ रंगाने भरू लागला.

हा बदल नीट पाहण्यासारखा आहे. त्या गॉश वापरत असत. हा रंग पाण्यात कालवायचा असतो, पण जलरंगासारखा पारदर्शक नसतो. सुकला की दाट, मऊ आणि चकाकीविना दिसतो. त्यातून सावली, खोली, अंतर असे काही दाखवण्याचा खटाटोप प्रिमाचेंको करत नाहीत. पिवळा म्हणजे सबंध पिवळा, त्यावर निळे जनावर, त्या निळ्यावर लाल ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या पोटात आणखी एक ठिपका. भरतकाम करणारी बाई जसा टाक्याशेजारी टाका घालत जाते, तसा त्यांचा कुंचला एका ठशाशेजारी दुसरा ठसा ठेवत जातो. दुरून चित्र सपाट वाटते. जवळ जावे तर त्या जनावराचे अंग थरथरत असल्याचा भास होतो, कारण दोन विरोधी रंग एकमेकांना खेटून बसले की डोळ्याला स्थिर राहता येत नाही.

दुःखाला काळा आणि आनंदाला पिवळा, असा सोपा हिशेब त्यांच्याकडे नाही. भीतीसुद्धा त्या गुलाबी आणि नारिंगी रंगांत काढतात. त्यामुळे चित्र पाहताना आधी आपण हसतो, मग दात दिसतात, जीभ दिसते, आणि मग ते रोखलेले डोळे. पोटात गोळा येतो तो त्यानंतर. त्यांना भोळ्याभाबड्या कलेच्या कप्प्यात टाकणाऱ्यांनी हा क्रम पाहिलेलाच नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

चित्रांची नावे हा त्यांच्या कामाचा अर्धा प्राण आहे. चित्राच्या मागच्या बाजूस त्या स्वतःच्या हाताने एखादी ओळ, कधी यमक जुळवलेले दोन चरण, कधी कोणाला भेट दिले त्याचे नाव लिहीत असत. १९८३ च्या एका चित्राचे नाव आहे, ‘तीन वर्षांचा युक्रेनी बैल रानात फिरतो आणि बळ साठवतो’. १९७८ मध्ये त्यांनी मक्याचा घोडा अवकाशात पाठवला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चित्राला त्यांनी थेट शाप दिला आहे: ‘सत्यानाश होवो त्या अणुयुद्धाचा!’ शीतयुद्धाच्या काळात दोन्ही बाजूंचे मुत्सद्दी शस्त्रांचे आकडे मोजत असताना, बोलोत्न्यातली एक म्हातारी अणुयुद्धाला जनावराचे रूप देऊन, खेड्यातली बाई संतापाने बोटे मोडते तशी बोटे मोडत होती. आणि १९८२ मध्ये तिनेच कबुतर काढले: ‘कबुतरीने पंख पसरले आहेत आणि ती शांतता मागते आहे’.

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्राची चौथी अणुभट्टी फुटली. चेर्नोबिल म्हणजे इवान्किवच्या शेजारचाच मुलूख. प्रिमाचेंको तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि त्या गाव सोडून गेल्या नाहीत. या दुर्घटनेवर त्यांनी चित्रांची मालिका केली. आयुष्यभर ज्यांनी मनातल्या मनात दोन डोक्यांची, भलत्याच अवयवांची जनावरे रंगवली, त्यांच्या उंबरठ्याशी आता डोळ्यांना न दिसणारा, मातीत आणि दुधात उतरणारा किरणोत्सर्ग आला होता. १९९० मधल्या चित्राचे नाव आहे, ‘चौथ्या ब्लॉकजवळ फुले उगवली’. चौथा ब्लॉक म्हणजे तीच फुटलेली अणुभट्टी. ही आशा आहे की आक्रोश, हे मी कितीदा तरी ठरवायला बसलो आणि दर वेळी ठरवता आले नाही.

मानसन्मान मिळाले. १९६६ मध्ये युक्रेनचे तारास शेव्चेंको पारितोषिक, पुढे लोककलावंत हा किताब, कीवमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता, एका लघुग्रहाला त्यांचे नाव. कीवच्या लोककला संग्रहालयात त्यांची शेकडो चित्रे आहेत.

इवान्किवच्या लहानशा स्थानिक संग्रहालयात मात्र मोजकीच होती, सुमारे पंचवीस. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस, रशियाने आक्रमण केल्यानंतरच्या पहिल्याच दिवसांत, लढाई इवान्किवपर्यंत पोहोचली आणि ते संग्रहालय पेटले. सारी चित्रे जळाली अशी बातमी प्रथम जगभर गेली. ते १९८२ चे कबुतर मग निदर्शनांत, फलकांवर, इमारतींच्या भिंतींवर दिसू लागले. त्याच वर्षी ‘चौथ्या ब्लॉकजवळ फुले उगवली’ हे चित्र युक्रेनच्या सैन्याला मदत म्हणून लिलावात काढण्यात आले आणि त्याला पाच लाख डॉलर मिळाले.

इवान्किवची खरी हकीकत थोडी उशिरा कळली. गावातली माणसे धुराने भरलेल्या इमारतीत शिरली होती आणि हाती लागतील तेवढी चित्रे त्यांनी बाहेर आणली होती. गॉश सुकल्यावरही पाणी लागले की विरघळतो. त्या कागदांना आगीइतकाच विझवणाऱ्या पाण्याचाही धोका होता. जी वाचली, ती माणसांच्या हातांत बाहेर आली.