फ्रोझनचा रिपोर्ट

(दृश्य: ट्रेमधला तुकडा)
तोंडाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये गालाच्या आतून नुकताच काढलेला हा तुकडा. कडेला दोन टाके दिसतात, एक आखूड, एक लांब. आखूड म्हणजे वरची बाजू, लांब म्हणजे बाहेरची. काढलेलं मांस आक्रसतं, मग दिशा कळत नाही. म्हणून सर्जन ही खूण थिएटरमध्येच करून ठेवतात.

(दृश्य: शाई, ब्रश)
पॅथॉलॉजीत आता कडांना रंगीत शाई. सुरी जिथून फिरली, तिथं शाई. कर्करोगाच्या पेशी या शाईला टेकलेल्या दिसल्या, तर रोग तोंडात मागे राहिला असं धरायचं.

(दृश्य: क्रायोस्टॅटचं, म्हणजे गोठवून काप काढणाऱ्या यंत्राचं, झाकण उघडतं)
आत उणे वीस अंशांच्या आसपास. संशय वाटतो त्या कडेचा छोटा भाग जेलमध्ये गोठवला, पात्यावरून फिरवला. चकती निघते पाचेक मायक्रॉनची. जरा ऊब लागली की गोळा होते, म्हणून ब्रशनं सावरत काचेवर घ्यायची. मग जांभळा रंग, गुलाबी रंग, आणि स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली. या गोठवून केलेल्या तपासणीलाच फ्रोझन म्हणतात. हे सगळं साधारण वीस मिनिटांत, कारण तिकडे पेशंट भुलीखाली आहे.

बाहेर थांबलेले नातेवाईक सर्जनना ओळखतात. या खोलीतल्या डॉक्टरांना कुणी पाहिलेलंही नसतं.

(दृश्य: इंटरकॉम)
‘मागची कड पॉझिटिव्ह.’ म्हणजे त्या कडेला कर्करोग आहे. सर्जन तिथून आणखी मांस काढतात. हाडाचं मात्र फ्रोझन होत नाही. ते आधी मऊ करावं लागतं, त्यात दिवस जातात.

(दृश्य: मायक्रोस्कोपवरची मोजपट्टी)
अंतिम रिपोर्ट नंतर येतो. गाठीभोवतीची निरोगी कड पाच मिलिमीटर तरी हवी. आणि गाठ किती खोल गेली तेही मोजायचं: दोन सेंटिमीटरच्या आतली गाठही पाच मिलिमीटरहून खोल गेली असेल, तर 2018पासूनच्या वर्गवारीत ती पहिल्या टप्प्यात बसत नाही.

(दृश्य: मानेतल्या ग्रंथी, एकेक वेगळ्या)
तोंडातला रोग पसरतो तो बहुधा आधी या लसिका ग्रंथींत. मानेत हाताला काही लागत नसतानाही त्या काढाव्यात का? मुंबईच्या टाटा मेमोरियलनं 2015मध्ये एका अभ्यासातून उत्तर दिलं. सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत, पहिल्याच ऑपरेशनला ग्रंथी काढलेले 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते; मानेत रोग दिसेपर्यंत थांबलेल्यांत 67.5 टक्के.

एखाद्या ग्रंथीचं कवच फोडून रोग बाहेर आला असेल, तर रेडिएशनच्या जोडीला सहसा केमोही सुचवतात. बोलणं, गिळणं, खांदा उचलणं, हे प्रश्न त्यानंतरचे.