जगबुडीनंतरचं नाशिक, एका लाखात

नमस्कार श्रोतेहो. जग उद्ध्वस्त झालंय, मूठभर माणसं उरलीत आणि ती कशीबशी तग धरून आहेत, अशी वीस मिनिटांची फिल्म नाशिकमध्ये एका लाखात कशी करायची, त्याचा हिशोब आज मांडायचा आहे.

पैसे कमी असले की पहिला मोह होतो संगणकावर इमारती पाडायचा. तो आवरा. पडणारी इमारत पडद्यावर चार सेकंद दिसते, आणि ती खोटी वाटली की पुढच्या सगळ्या फिल्मवरचा विश्वास उडतो. त्यापेक्षा पटकथा लिहायच्या आधी जिल्ह्यात कोणत्या महिन्यात काय फुकट मिळतं, हे बघा आणि गोष्ट त्यावर बेता.

जगबुडी म्हटलं की पिवळं वाळवंट डोळ्यांपुढे येतं. ते परदेशी चित्रपटांतून आलंय. आपल्याकडे इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथे माणूस दहा वर्षं फिरकला नाही तर वाळवंट कसलं होतंय, घाणेरी आणि वेली रस्ता गिळून टाकतील. सिन्नर-येवल्याकडे पाऊस त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका. तिथे धूळ, गाजरगवत आणि वेडी बाभूळ. एकाच जिल्ह्यात जगाचे असे दोन शेवट आहेत. एक निवडा. दोन्ही एकाच फिल्ममध्ये घेतलेत तर पात्र पूर्वेकडून पश्चिमेला किती दिवस चाललं, याचा हिशोब द्यावा लागेल.

दुसरा प्रश्न, जग संपून किती वर्षं झाली? हा आकडा एकदा ठरला की सामानाची यादी आपोआप होते. समजा बारा वर्षं. साठवलेलं पेट्रोल काही महिन्यांत, फार तर वर्षभरात नासतं. म्हणजे मोटारसायकल नाही. पात्राला सायकल द्या, तीही टायरमध्ये चिंध्या कोंबलेली. वापराविना पडलेली इन्व्हर्टरची बॅटरीही इतकी वर्षं टिकत नाही. सौर पॅनल मात्र वीस-पंचवीस वर्षं वीज देतं, तेव्हा दिवसा ऊन असेपर्यंत एक पंप चालतो आणि सूर्य मावळला की सगळं ठप्प. बघा, इथेच गोष्टीला ताण मिळाला. उघड्यावर पडलेले सुती कपडे कुजलेले असतील, पॉलिएस्टर टिकलेलं असेल. लग्नातली चकचकीत साडी पाणी गाळायला वापरलेली दाखवा, संवादाची गरजच उरत नाही.

आता ठिकाण. एप्रिलमधली द्राक्षबाग पाहिलीय ना? खरड छाटणी झाली की पान एकही राहत नाही. काळी खोडं, आडवे ओलांडे म्हणजे वेलीच्या जाड फांद्या, वाय आकाराचे लोखंडी अँगल आणि त्यांवर ताणलेल्या तारा, मैलभर. असा सेट लाखात काय, कोटीतही उभा राहणार नाही. पण ही अवस्था जेमतेम आठ-दहा दिवस टिकते, मग डोळे फुटतात आणि बाग हिरवी होते. म्हणून बागायतदाराला मार्चमध्येच भेटा, छाटणीची तारीख विचारा, आणि नुकतीच फवारणी किंवा पेस्टिंग, म्हणजे डोळे फुटावेत म्हणून रसायनाचा लेप, झालं असेल तर त्या दिवशी बागेत पाऊल टाकू नका. ठिबकच्या नळ्या चौकटीत येतात, त्या गुंडाळून घ्यायची परवानगी मागा. लाइट आली की पाणी सोडायचं असतं, त्यामुळे कधी गुंडाळायच्या हे त्यांनीच सांगायचं.

आतल्या दृश्यांसाठी रिकामी कांदा चाळ घ्या. फळ्यांच्या फटींतून उन्हाच्या पट्ट्या आत येतात आणि दिव्यांचा खर्च वाचतो. मात्र उन्हाळ कांदा निघाला की चाळी भरायला लागतात, तेव्हा चाळीतली दृश्यं मार्चमध्ये, बागेतली एप्रिलमध्ये. मे महिन्यात गंगापूर धरणाचं पाणी उतरतं आणि काठाचा गाळ भेगाळतो. चित्र सुंदर असतं, पण वरची पापडी वाळलेली आणि खाली चिखल, त्यात गुडघाभर पाय रुततो. आधी काठीने टोचून बघायचं, मगच कॅमेरा न्यायचा. पावसाळा लागला की नदीपात्रात शूटिंग नको. धरणातून विसर्ग वाढला की गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी किती भराभर चढतं, हे नाशिककरांना सांगायला नको.

बाग फुटण्याचंही चित्रण करून ठेवा. एका खोडापुढे कॅमेरा पक्का बांधायचा, दर दहा मिनिटांनी एक फोटो. दिवसाच्या बारा तासांत ७२ फोटो, दहा दिवसांत ७२०. सेकंदाला २५ या वेगाने जवळपास २९ सेकंदांचं दृश्य. पांढऱ्या रंगाचा समतोल आणि फोकस हाताने पक्का करा, नाहीतर चित्र लुकलुकतं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वाटाण्याचं रोप असंच थांबून थांबून चित्रित केलं होतं, 'राजा हरिश्चंद्र'च्याही आधी. भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी तेच लोकांना दाखवलं. कमी पैशातल्या करामतीचा आपल्या जिल्ह्याचा हक्क तेव्हापासूनचा आहे. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांनी तर कॅमेरा सरकवायला सायकलचीच ट्रॉली केली.

कपड्यांवर वेळ घालवा. जुन्या बाजारातून सुती शर्ट आणा, प्रत्येक पात्राचे दोन एकसारखे, कारण एक ओला झाला किंवा फाटला तर दिवस वाया जातो. पाच लिटर उकळत्या पाण्यात पन्नास ग्रॅम चहा पावडर, त्यात कपडा तासभर. करडा रंग हवा असेल तर हातमोजे घालून चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, टाका, चहातल्या टॅनिनशी लोहाचा संयोग होऊन कपडा काळवंडतो. जास्त पडलं तर मात्र कापड ठिसूळ होतं. मग पॉलिशपेपर आणि तारेचा ब्रश, पण फक्त जिथे अंग घासतं तिथे: कॉलर, खांदा, गुडघे, खिशाच्या कडा. सगळीकडे सारखी घाण फासली की शाळेच्या गॅदरिंगचा भिकारी दिसतो. सर्वात शेवटी मुलतानी माती चाळून कापडी पुरचुंडीने थापायची. ही धूळ थापणाऱ्याने तोंडाला मास्क लावावा. प्रत्येक दृश्यानंतर चारी बाजूंनी फोटो काढा, नाहीतर डावीकडचा डाग पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे जातो.

गंज करायचा तर पीव्हीसी पाइपला रेड ऑक्साइड प्रायमर मारा, वाळल्यावर पाण्यात कालवलेला फेविकॉल लावा, आणि ओला असतानाच त्यावर गेरू, पिवडी आणि बारीक वाळू शिंपडा. चार फुटांवरून लोखंड वाटतं, आणि कलाकाराला उचलताना हलकं. सातपूर-अंबडच्या भंगारात पत्रे, जाळ्या, जुने गेज मुबलक मिळतात. फक्त रसायनांचे रिकामे ड्रम कापू नका, वेल्डिंग तर नाहीच. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो. शेकोटीसाठी टायर जाळायचे नाहीत. पत्र्याच्या डब्यात केशरी बल्ब ठेवा, पुढे चुरगळलेली फॉइल हलवत राहा.

कॅमेरा कोणताही चालेल, मोबाइलसुद्धा. सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटही लुकलुकत नाही. छिद्र बदलता येणारा कॅमेरा असेल तर भर उन्हात आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० ला या शटरवर लेन्सचं छिद्र अगदी बारीक, एफ २२ पर्यंत, बंद करावं लागतं आणि सगळंच सपाट, स्पष्ट दिसतं. मागचं धूसर दिसावं म्हणून मोठ्या छिद्रावर, एफ ४ वर, यायचं तर पाच स्टॉप प्रकाश कापायला हवा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), म्हणजे एनडी ३२ ही काळसर काच, फिल्टर. फिरवून गडद करायचा स्वस्त फिल्टर शेवटच्या टोकाला नेला की चित्रावर फुलीसारखी सावली पडते, तेवढं सांभाळा. मोबाइल उन्हात तापून बंद पडतो. कव्हर काढा, छत्री धरा, बर्फ मात्र लावू नका, आत दमट वाफ धरते. रात्रीची दृश्यं दिवसा काढता येतात: सूर्य पात्राच्या पाठीमागे, आकाश चौकटीबाहेर, दोन स्टॉप कमी प्रकाश आणि कॅमेऱ्यात रंगाचं तापमान ३२०० केल्विन, म्हणजे चित्र निळसर होतं. आकाशाचा एक तुकडा जरी आला तरी सोंग उघडं पडतं.

इतकंही जमत नसेल तर स्थिरचित्रं घ्या. १९६२ चा 'ला जेते' हा २८ मिनिटांचा फ्रेंच लघुपट तिसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसची गोष्ट सांगतो, आणि एक क्षण सोडला तर त्यात हलतं असं काहीच नाही, सगळे फोटो आणि निवेदन.

निर्मनुष्य रस्ता सगळ्यांनाच हवा असतो. रामकुंडाचा विचार सोडा, तिथे पहाटेपासून स्नानाला गर्दी. एम. जी. रोडसारख्या बाजाराच्या रस्त्यावर उजाडताना शटर बंद असतात. कॅमेरा तिवईवर घट्ट लावा, तीन-चार मिनिटं सलग चित्रण करा. दूधवाला जाईल, कुत्रं येईल, जाऊ द्या. रस्त्याचा प्रत्येक तुकडा कधी ना कधी रिकामा असतो. संपादनात ते रिकामे तुकडे जोडले की माणूस नसलेला रस्ता मिळतो. पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ घेतलात तर सावल्या सरकतात आणि जोड दिसतो. शहर जिवंत असल्याचं उघड करतात ते वाढदिवसाचे ताजे फ्लेक्स, पेटलेले पथदिवे आणि पुसलेल्या दुचाक्या. चौकट त्यांना टाळून धरा.

आणि आता आवाज. तुम्ही रेडिओ ऐकताय, तेव्हा हे तुम्हाला पटकन पटेल: चित्र धुरकट असलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो, आवाज वाईट असला तर उठून जातो. बारा वर्षांपूर्वी संपलेल्या जगात हॉर्न नाही, भोंगा नाही, ट्रॅक्टर नाही. पण मुंबई-आग्रा महामार्गाची घरघर पहाटे फार दूरवर ऐकू येते. जागा बघायला जाल तेव्हा डोळे मिटून पाच मिनिटं उभे राहा, मग ठरवा. एप्रिलमध्ये आणखी एक उपद्रव म्हणजे कोकिळ. पहाटे चारपासून सुरू होतो आणि संवादाच्या खालून त्याला काढता येत नाही. एकतर पटकथेतच पक्षी वाचलेत असं ठरवा, किंवा ते संवाद नंतर बंद खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, डब करा. प्रत्येक ठिकाणी कोणीही न बोलता एक मिनिटाची शांतता मुद्रित करा, संपादनात जोड झाकायला ती लागते. माइकवर केसाळ कव्हर नसेल तर वारा सगळं खाऊन टाकतो. वाळलेल्या पानांवरची पावलं हवी असतील तर परातीत कांद्याची सुकी टरफलं पसरा आणि हाताने चुरडा. खऱ्या पानांपेक्षा ती खरी वाटतात.

एका लाखाची विभागणी साधारण अशी: जेवण आणि प्रवास ३५ हजार, आवाज २०, कपडे-सामान १५, हार्डडिस्क १०, भाडी आणि परवानग्या १०, आणि १० हजार हात न लावता बाजूला. हार्डडिस्कवर कंजुषी नको. फोर के चित्रण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ जीबी होतं. रोज दोन तास, पाच दिवस, म्हणजे ४५० जीबी. एक टीबीच्या दोन डिस्क, दोन वेगवेगळ्या घरांत. दोन्ही एकाच पिशवीत ठेवल्या तर ती एकच प्रत समजा.

उन्हात माणशी चार-पाच लिटर पाणी लागतं. लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ, हे सकाळीच कालवून ठेवा. शूटिंग सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी साडेचारनंतर. मधल्या वेळात सावली आणि झोप.

परवानग्या लेखी हव्यात. शेताला मालकाची, रस्त्याला महापालिका आणि पोलिसांची, जंगलाला वनविभागाची. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथे पुरातत्त्व खात्याशिवाय काही नाही. ड्रोन असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर ड्रोन कुठे उडवता येतो त्याचा नकाशा बघा. आपल्याकडे देवळालीला लष्कर आणि ओझरला विमानतळ आहे. नकली बंदूक किंवा कोयता घेतलेली, राखेने माखलेली माणसं पहाटे रस्त्यावर दिसली की कोणीतरी ११२ ला फोन करणारच. म्हणून स्थानिक पोलीस ठाण्यात आदल्या दिवशी पत्र द्या, त्याची शिक्का मारलेली प्रत सेटवर ठेवा, आणि शॉट संपला की हत्यारं लगेच गोणीत. घरी जाताना कलाकारांनी तोंड धुवून बसमध्ये चढावं. नमस्कार.