साधनासमोर आधी शिक्षक बसावा

(बडोद्यातील शालेय शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

इतिहासाची मूळ साधनं, म्हणजे त्या त्या काळातले कागद आणि वस्तू, आणि कला वर्गात आणायच्या, तर त्यासाठी शिक्षकांची तयारी कशी करून घ्यायची, असा विषय मला दिला आहे. मी एका साधनापासूनच सुरुवात करते. ते आपल्याच गावातलं आहे.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळचा फेरफटका मारून परत आले. रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा पेला भरून ठेवलेला होता. थोडं प्यायल्यावर त्यांना कसंसंच व्हायला लागलं, म्हणून उरलेलं सरबत त्यांनी बाहेर ओतून टाकलं. पेल्याच्या तळाशी गाळ राहिला होता. तो रेसिडेन्सीच्या डॉक्टरांनी तपासला, मग मुंबईलाही तपासणीला गेला. त्यात सोमल (आर्सेनिक) आणि हिऱ्याची पूड असल्याचं सांगण्यात आलं. संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाडांवर गेला. जानेवारी १८७५ मध्ये त्यांना अटक झाली आणि फेब्रुवारीत सहा जणांचं कमिशन बसलं. तीन इंग्रज अधिकारी, आणि आपल्याकडचे तिघं: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंग महाराज आणि सर दिनकरराव. सहाही जणांनी तेच साक्षीदार पाहिले, तेच जबाब ऐकले. तिघा इंग्रजांना आरोप शाबीत झाला असं वाटलं. बाकी तिघांना तसं वाटलं नाही.

शाळेच्या पुस्तकात हा प्रकार आलाच तर एका वाक्यात उरकतो. शिक्षकांच्या कार्यशाळेत मी त्याला दुपारभर वेळ देते. नोकरांच्या जबाबांतले उतारे वाटते. मल्हाररावांनी २ नोव्हेंबरला खलिता पाठवून फेअरना बदलण्याची मागणी केली होती, तो मुद्दा देते. एप्रिल १८७५ मध्ये महाराजांना पदच्युत करताना निघालेल्या जाहीरनाम्याचा मथितार्थही देते, पण तो अगदी शेवटी. सहा-सहांचे गट करायचे, प्रत्येकानं आपलं मत आधी कागदावर लिहायचं आणि मगच तोंड उघडायचं, एवढाच नियम.

पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, “बाई, पण शेवटी विष घातलं कुणी?” हा प्रश्न मुलांच्या आधी शिक्षकांकडून येतो आणि त्यामागे एक खरी भीती असते. उत्तर हातात नसताना चाळीस-पन्नास मुलांसमोर उभं राहायचं कसं? बी.एड.च्या सराव पाठांत आपल्याला टाचण काढायला शिकवलं. त्यात प्रश्नासमोर अपेक्षित उत्तराचा रकाना असतो आणि निरीक्षक तो भरलेला आहे ना, हे पाहतात. तो रकाना रिकामा ठेवून वर्गात जायची सवय कुणी लावलीच नाही. मूळ साधनं वर्गात येत नाहीत त्याचं पहिलं कारण मला हे दिसतं. वेळ नाही, पोर्शन संपत नाही, ही कारणं खरीच आहेत, पण त्यांचा नंबर नंतर.

पुढे काय होतं ते ऐका. गट त्या दोन तारखांवर अडतात. २ नोव्हेंबरचा खलिता, ९ नोव्हेंबरचं सरबत. एक गट म्हणतो, बघा, फेअर महाराजांना नकोच होते, हेतू सिद्ध झाला. शेजारचा गट तीच तारीख उचलून म्हणतो, ज्यानं सरकारदरबारी रीतसर तक्रार केली आहे, उत्तराची वाट पाहतो आहे, तो सात दिवसांत असला उद्योग कशाला करेल? एकाच कागदावरून दोन वाजवी तर्क निघतात. मग नोकरांच्या जबाबांकडे वळतात: हा माणूस पोलिसांच्या ताब्यात होता का, माफीचं आश्वासन मिळाल्यावर बोलला का, हा सांगतोय ते पाहिलेलं की ऐकलेलं? यालाच आपण साधनचिकित्सा म्हणतो, पण तो शब्द त्या क्षणी मी उच्चारतही नाही. सर्वांत शेवटी जाहीरनामा. त्यात सरकारचं म्हणणं असं की महाराजांना दूर केलं ते कमिशनच्या निष्कर्षावरून नाही, गैरकारभारामुळे. हे वाचल्यावर प्राथमिक शाळेतल्या एक शिक्षिका ताडकन म्हणाल्या, “मग कमिशन बसवलं कशाला?” त्या दुपारी मला हवं होतं ते या एका प्रश्नात मिळालं. त्यांना तो प्रश्न मी दिलेला नव्हता आणि पुस्तकानंही दिलेला नव्हता. कागदांनी तो त्यांच्याकडून काढून घेतला. अशी बाई वर्गात गेली की मुलांच्या अशाच प्रश्नाला “ते परीक्षेला नाही” म्हणून खाली बसवणार नाही.

म्हणून माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: साधन वर्गात कसं वापरायचं हे सांगण्याआधी शिक्षकाला स्वतःला त्या साधनासमोर बसू द्या. वाचू द्या, अडू द्या, शेजारच्याशी भांडू द्या. आज आपल्या प्रशिक्षणांत क्रम उलटा आहे. पडद्यावर पद्धती दाखवतात, कृतींची यादी देतात, संध्याकाळी प्रमाणपत्र. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला-एकात्म अध्ययन, म्हणजे कलेच्या साहाय्यानं इतर विषय शिकणं, आलं, ते मनापासून स्वागत करण्यासारखं आहे. पण परिपत्रक शाळेपर्यंत पोचलं की पुष्कळ ठिकाणी त्याचा अर्थ होतो तक्त्याच्या कडेला वारली नक्षी. शिक्षकाचा यात दोष नाही. ज्यानं स्वतः चित्रासमोर अर्धा तास कधी काढलेला नाही, त्यानं दुसऱ्याला काय दाखवावं?

आपल्या गावाला तर याची परंपरा आहे. इतिहासकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये सयाजीराव महाराजांच्या नोकरीत आले. राजपुत्रांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्या शिकवण्यासाठी केलेल्या तयारीतून रियासतींचं, म्हणजे त्यांच्या इतिहासग्रंथांचं, लेखन उभं राहिलं. पुढे याच माणसानं पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत संपादित केले. शिकवण्याची तयारी नीट केली की माणूस कागदांपर्यंत जातोच, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. आणि ते आपल्या बडोद्यातलं आहे, हे आपल्या किती शाळांत सांगितलं जातं?

आता कलेकडे येते. रावपुऱ्यात तांबेकर वाडा आहे. भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. आतल्या खोल्यांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. सध्या तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. सहलीला नेलेली मुलं तिथून दहा मिनिटांत बाहेर पडतात. शिक्षकांना नेते तेव्हा मी एक अट घालते: फोटो काढायचा नाही, आणि आपल्या पंजाएवढाच भाग निवडून तो पेन्सिलीनं उतरवायचा. “मला चित्र येत नाही” हे वाक्य सगळे म्हणतात. इथे चित्र चांगलं यावं ही अपेक्षाच नाही. हात चालायला लागला की डोळा थांबतो, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

एका सरांनी एका पुरुषाची नुसती पगडी निवडली. काढता काढता त्यांना पगडीचे पीळ मोजावे लागले, ती कानाच्या वर किती आणि कपाळावर किती हे पाहावं लागलं. मग ते शेजारच्या आकृतीकडे गेले, तिची पगडी वेगळी. तिसऱ्याच्या डोक्यावर आणखी वेगळं. तासाभरानं त्यांच्या वहीत डोक्यांची ओळ तयार झाली आणि प्रश्न आले: यातला मराठा सरदार कोण, स्थानिक सावकार कोण? चितारी कुठला असेल? मराठी दिवाणाच्या घरात तो कुणाच्या पद्धतीनं चित्र काढतोय? मराठी राजवट आणि गुजराती शहर यांचा संबंध शिकवायला मला याहून चांगला पाठ सुचत नाही, आणि त्याला लागलं काय? एक पेन्सिल. ज्या शहरात १९५० पासून कलाशिक्षणाची फॅकल्टी आहे, जिथे मूळच्या इंदूरच्या नारायण श्रीधर बेंद्र्यांसारख्या चित्रकारानं पिढ्या घडवल्या, तिथल्या इतिहासाच्या शिक्षकानं पेन्सिल हातात घ्यायला लाजू नये.

गाण्याचं आणि सांगण्याचंही तसंच. सतराव्या शतकातला गुजराती आख्यानकवी, माणभट्ट प्रेमानंद बडोद्याचा. माणभट्ट म्हणजे तांब्याच्या घागरीवर बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान गाणारा. कुंवरबाईच्या मामेऱ्याचं, म्हणजे नरसी मेहतांच्या लेकीच्या डोहाळजेवणाला माहेरून यायच्या अहेराचं, त्याचं आख्यान गुजराती घरांत सर्वांना ठाऊक असतं. त्यात आजेसासू टोमणे मारत अहेराची लांबलचक यादी सांगते. भक्तिकथा म्हणून ती गोड आहेच, पण ती यादी वेगळी काढून मुलांपुढे ठेवा. सोयऱ्यांमधला मानपान, कापडचोपड, सासरची अपेक्षा, सगळं त्यात आहे. आपल्या वर्गात मराठी घरची चार मुलं, गुजराती घरची तीस. ही यादी आधी चालीवर म्हणून घ्या, मग विचारा, तुमच्या घरच्या लग्नात यातलं काय उरलंय?

लग्नाचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरातला एक जुना कागद घेऊन या, असं मी प्रशिक्षणाच्या पहिल्या बैठकीआधी सांगते. रेशनकार्ड येतं, मार्कशीट येते, कुणाच्या पणजोबांचा नेमणुकीचा हुकूम येतो. एकीनं आजीची लग्नपत्रिका आणली. दोन्हीकडच्या आजोबांची नावं हुद्द्यासकट. वधूचं माहेरचं नाव एकदा, लग्नानंतरचं नाव कंसात. मुहूर्त गोरज. खाली छापखान्याचं नाव. वाचून झाल्यावर ती म्हणाली, “यात माझ्या पणजीचं नावच नाही.” वधूची आई, आणि पत्रिकेत कुठेच नाही. त्या पत्रिकेवर आम्ही तासभर बोललो. कागदात काय आहे हे वाचणं मुलं लवकर शिकतात. काय नाही, हे विचारायला मात्र शिक्षकानं सोबत असावं लागतं.

मोडीबद्दल नेहमी विचारतात. मोडी येत नाही म्हणून अडून बसू नका. मूळ पानाची प्रत आणि शेजारी देवनागरी लिप्यंतर, एवढं पुरतं. पण मोडीचं पान नुसतं वाचायला देऊ नका, लिहायलाही द्या. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग अक्षरं तिला लटकवत जातात, शब्दांत अंतर न सोडता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. मुलांना एक ओळ तशी लिहायला लावली की कारकुनाचा हात किती भरभर चालत असेल, आणि तो कागद वाचताना आज अर्थ का चुकू शकतो, हे त्यांच्या बोटांना कळतं.

एका गोष्टीबद्दल मात्र मी कडक आहे. बडोदे संस्थानानं १९१३ मध्ये डॉ. आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली, त्याबदल्यात संस्थानाची नोकरी करण्याचा करार झाला. १९१७ मध्ये ते नोकरीसाठी इथे आले. अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले, तर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी तिथून बाहेर काढलं. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे, आणि त्या दिवसाचा काही वेळ आपण कमाटीबागेत काढला असंही लिहिलं आहे. त्याच बागेत आपण मुलांना म्युझियम दाखवायला आणि डबा खायला नेतो. तिथे बसून ते पान मोठ्यानं वाचा. पण त्याचं नाटुकलं बसवू नका. वर्गातल्या एका मुलाला आंबेडकर करायचं आणि चार मुलांच्या हातात काठ्या द्यायच्या, हे मी प्रकल्प म्हणून सादर झालेलं पाहिलं आहे. अपमानाचं सोंग घेतल्यानं सहानुभूती येत नाही, आणि ज्या मुलाच्या घरात तो अपमान अजून आठवणीत आहे त्याला आपण सर्वांसमोर उघडं पाडतो. कमिशनचे सभासद व्हायला हरकत नाही, तिथे निवाडा करायचा आहे. इथे फक्त ऐकायचं आहे. कुठली कला कुठल्या साधनाला लावायची, हा विवेक प्रशिक्षणात बोलून दाखवला पाहिजे. यादीतून तो मिळत नाही.

आणि हे सगळं एका दिवसात होत नाही. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: एकाच विषयाचे दोन-तीन शिक्षक एकत्र पाठवा, म्हणजे परत गेल्यावर त्यांना बोलायला माणूस राहील. महिन्याभरानं ते पुन्हा बसतील, वर्गात केलेलं काम घेऊन, मुलांच्या वह्यांसकट, अशी सोय करा. पाहुणा व्याख्याता बोलावण्यापेक्षा याला खर्च कमी येतो.

सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर शाळेच्या कपाटापासून. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये संस्थानभर लागू केलं, मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड ठेवला. ज्यांच्या शाळा त्या काळातल्या आहेत, त्यांच्याकडे जुनी दाखल-रजिस्टरं असण्याची शक्यता आहे. कुणी शाळा सोडली, कोणत्या इयत्तेत, कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय, मुलींची नावं कुठे थांबतात, हे सगळं त्यात सापडेल. रद्दीत घालण्याआधी ती उघडा. कोरड्या स्वच्छ हातानं पानं उलटा, फोटो काढा, जातीचा रकाना वर्गात दाखवायचा की नाही हे आपसांत आधी ठरवा. पुढच्या बैठकीला प्रत्येक शाळेनं असं एक पान आणावं. मोडीत असेल तर लिप्यंतराला मी बसेन.