कोटणीसांच्या घरचा द्वारकानाथ

श्रोतेहो, नमस्कार.

माझी मुलगी परदेशात असते. दर रविवारी रात्री मोबाइलच्या पडद्यावर येते, "आई, जेवलीस का?" विचारते. एखादा रविवार चुकला की सोमवारी माझं कशात लक्ष लागत नाही. हे सांगायला थोडी लाज वाटते, कारण मी सोलापूरची. आमच्याच गावातला एक मुलगा १९३८ साली बोटीत बसून गेला आणि घरच्यांना त्याचा चेहरा परत दिसलाच नाही. त्या घरातल्या बायकांचे सोमवार कसे गेले असतील?

डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस. आज नऊ डिसेंबर. १९४२ साली याच दिवशी उत्तर चीनमधल्या हबेई प्रांतात, एका खेड्यात ते गेले. वय अवघं बत्तीस.

त्यांची गोष्ट तुम्ही शाळेत वाचली असेल. पुतळ्याला हार घालून झालेला असेल. पण मला आज त्या पुतळ्याविषयी नाही, त्या घरातल्या मुलाविषयी बोलायचंय. दोन भाऊ, पाच बहिणी, असं भरलं घर. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झालेला, पुढचं शिकायच्या विचारात असलेला मुलगा. अशा मुलाने हातातलं सोडून "मी चीनला जातो" म्हटल्यावर घरात काय झालं असेल, ते कुठल्याही मराठी आईला सांगायला नको. धाकटी बहीण मनोरमाताई पुढे सांगायच्या की तेव्हा घरी चीनची माहिती काय, तर तिकडचे लोक दारोदार रेशीम विकायला येतात, एवढीच!

जपानने चीनवर हल्ला केला होता. चीनचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टर मागितले आणि काँग्रेसचे त्यावेळचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना हाक दिली. बावीस हजार रुपये जमले, एक रुग्णवाहिका मिळाली आणि पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि आमचे कोटणीस. चोळकर पाचांत वयाने मोठे. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली.

मग प्रवास सुरू झाला तो थांबलाच नाही. हाँगकाँग, कँटन, वुहान, यिचांग, चुंगकिंग. जपानी फौजा पुढे सरकत होत्या, शहरं पडत होती आणि हे डॉक्टर एका गावातून दुसऱ्या गावात. चुंगकिंगला त्यांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ', म्हणजे चीन. कोटणिसांचे झाले 'के दीहुआ'. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव बदलायचे, तसंच काहीसं हे.

त्याच चुंगकिंगमध्ये सोलापूरहून बातमी आली, वडील गेले.

इथे मला नेहमी थांबावं लागतं. सोबतचे लोक घरी परत जा म्हणाले. ते गेले नाहीत, कबूल केलेलं काम आधी, म्हणाले. लहानपणी आम्हाला हा प्रसंग फार अभिमानाने सांगितला जायचा आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. आता माझ्याने टाळ्या वाजवत नाहीत. मागे आई होती, बहिणी होत्या. घरातल्या कर्त्या माणसाचे दिवस घालायचे आणि डॉक्टर झालेला मुलगा हजारो मैलांवर. त्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. पण त्या निर्णयाची अर्धी किंमत सोलापूरच्या घराने भरली, हे कुठल्याही कोनशिलेवर लिहिलेलं मला दिसलं नाही.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला, चिनी कम्युनिस्टांच्या मुख्य तळावर, पोचलं. हळूहळू पाचांतले एकेक गळत गेले. कुणाची तब्येत, कुणाचं काही. डॉक्टर बसू आणि डॉक्टर कोटणीस राहिले. कोटणीस पार आघाडीजवळच्या डोंगराळ भागात गेले. रुग्णालय म्हणजे शेतकऱ्यांची घरं, आणि शत्रू जवळ आला की तेही हलवायचं. १९४० च्या एका मोठ्या लढाईत तेरा दिवसांत आठशेच्या वर जखमी आले आणि त्यांनी ५५८ शस्त्रक्रिया केल्या. दिवसाला चाळीसच्या वर होतात. आमच्या ओळखीचे एक सर्जन आहेत, त्यांना हा आकडा सांगितला तर ते नुसते माझ्याकडे बघत राहिले.

पुढच्या जानेवारीत, १९४१ साली, त्यांना बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक नेमलं. नॉर्मन बेथून हे कॅनडाचे सर्जन, त्याच भागात काम करताना १९३९ मध्ये वारलेले. कोटणीस तोवर चिनी बोलायला शिकले होते, चिनीतूनच मुलांना शस्त्रक्रिया शिकवायचे, त्यांच्यासाठी पुस्तक लिहायला बसायचे. सोलापूरच्या जिभेने ती चढ-उताराची भाषा कशी पेलली असेल, ऐकायला मिळायला हवं होतं! सैनिक आणि गावकरी त्यांना 'म्हातारा के' म्हणायचे. तिकडे ही लाडाची हाक आहे, वय होतं तिशीचं.

तिथेच त्यांना को छिंगलान भेटल्या. परिचर्या शिकवणाऱ्या. पहिली ओळख झाली ती बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात. १९४१ च्या अखेरीस लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचं नाव ठेवलं सेनापती न्ये रोंगचेन यांनी, यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. बारशाला आत्या नव्हती, पाच आत्या असून. कुर्रर्र कुणी केलं असेल?

बाळ साडेतीन महिन्यांचं असताना डॉक्टर गेले. आकडीचे झटके येत होते, तरी काम थांबवलं नव्हतं. पुस्तक अर्धं राहिलं. माओंनी शोकसंदेशात लिहिलं की सैन्याचा मदतीचा हात गेला आणि राष्ट्राचा मित्र गेला.

चीनचा मोठा पाहुणा भारतात आला की कोटणिसांच्या घरच्यांना भेटायचं, अशी रीतच पडली. त्यांची बहीण थकली तरी ही माणसं येत राहिली. मनोरमाताई नव्वदी ओलांडल्यावरही त्यांना भेटायच्या. राजकारण मधे किती बिघडलं, सीमेवर युद्ध झालं, ही भेट टिकली. ज्या घराला चीन म्हणजे रेशीमवाले एवढंच ठाऊक होतं, त्या घरी.

यिनहुआही वैद्यकीच शिकत होता. १९६७ मध्ये, जेमतेम पंचविशीत, तोही गेला. त्याच्याविषयी मला जास्त बोलवत नाही.

पण छिंगलानबाई होत्या. त्या भारतात अनेकदा आल्या, सासरच्या माणसांत बसल्या. सोलापुरात कोटणिसांचं स्मारक उभं राहिलं त्याच वर्षी, २०१२ च्या जूनमध्ये, वयाच्या शहाण्णव्या वर्षी त्या गेल्या. डॉक्टरांबरोबर संसार झाला एका वर्षाचा. सासरचं नातं त्यांनी सत्तर वर्षं सांभाळलं.

स्मारक आमच्या भैय्या चौकात आहे. मुलगी दिवाळीला आली की तिला घेऊन जाणार आहे. मागच्या खेपेला वेळ नाही म्हणाली होती.

नमस्कार.