दही का लागलं नाही?

नमस्कार श्रोतेहो. अँटिबायोटिक अंगात किती वेळ राहतं, हे सांगायला मी बसलोय. पण सुरुवात आमच्या आत्याच्या म्हशीपासून.

आत्या खानापूरकडची. म्हशीच्या एका सडाला दगडी झाली, म्हणजे जंतूंनी सूज आली, कास नुसती टणक. गुरांच्या डॉक्टरांनी सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली आणि बजावलं, सांगितलेले दिवस भरेपर्यंत दूध डेअरीला नको, घरातही नको. डेअरीला तिनं घातलं नाही. पण दूध ओतून द्यायचं? आत्याचा हात धजेना. तापवलं, कोमट केलं, विरजण लावलं. सकाळी झाकण काढलं तर दूध तसंच, पाण्यासारखं. दुसऱ्या दिवशी शेजारचं विरजण आणलं. तेही फुकट. मग खापर सुनेवर: "तुझ्या हातालाच गुण न्हाई!" तिसऱ्या दिवशी मीठ-मिरच्या ओवाळून म्हशीची दृष्ट काढली. म्हैस आपली निवांत रवंथ करतेय. (पाकिटातल्या दह्याला मी दही म्हणत नाही, पण त्या आठवड्यात आत्याच्या घरी तेच आलं.) शेवटी डॉक्टर म्हणाले, "आक्का, दृष्ट न्हवं. दुधात औषध उतरलंय. विरजणातले जंतू त्यानंच मेले. उकळून ते सगळं जात न्हाई."

आपल्या अंगातही असंच. औषध एकदम जात नाही. अर्धं जातं, मग उरलेल्याचं अर्धं. अमॉक्सिसिलिन तासाभरात अर्ध्यावर येतं, म्हणून ते दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं. अझिथ्रोमायसिनला अर्ध्यावर यायला जवळजवळ तीन दिवस लागतात. म्हणून गोळ्या तीनच दिवसांच्या असल्या, तरी औषध पुढे कित्येक दिवस अंगात असतं. पुन्हा सांगतो: अर्धं, मग त्याचं अर्धं. पेनिसिलिनच्या जातीचं औषध बरंचसं लघवीवाटे जातं. मूत्रपिंड अधू असेल तर ते रेंगाळतं, म्हणून डॉक्टरांना तसं आधी सांगा. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिन इतकं तुटपुंजं होतं, की रोग्याच्या लघवीतून वेगळं काढून ते पुन्हा त्यालाच टोचलं होतं!

आणि हो, आत्याचं दही. दिवस भरल्यावर लागलं. तिनं वाडगं उलटं धरून सगळ्या घराला दाखवलं, थेंब पडला नाही. सून मात्र तिच्याशी आणखी दोन दिवस बोलली नाही.