भैरवी अडकली! सीडी राहणार की जाणार?

[सीडी कॅमेऱ्यासमोर धरून]

ही बघा. वर मार्करनं लिहिलंय, "आबा, भजन, 2005". आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग. पेटीवर आबा, शेजारचे काका पखवाजावर आणि मागं आठ-दहा जणांचे टाळ. आबांच्या वर्षश्राद्धाला लावायची म्हणून काढली, तर घरात सीडी लावायला काहीच नाही. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, गाडीला नाही. टीव्हीखालचा डीव्हीडी प्लेअर कधीचाच भंगारात गेलेला. शेवटी एका मित्राकडचा सायबर कॅफेच्या काळातला सीपीयू गाडीवर मागं बांधून आणला. रूपाचा अभंग वाजला, गौळण वाजली, पाहुणे माना डोलवायला लागले. आणि भैरवी सुरू झाली नि... ट-ट-ट-ट-ट. अडकली.

नमस्कार मंडळी. सीडी, डाऊनलोड आणि स्ट्रीमिंग, यात कोण टिकणार असं तुमच्यातले बरेचजण विचारत होते. पण आधी भैरवीच का अडकली ते सांगतो.

ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते. सीडी उलटी, आतून बाहेर. पहिलं गाणं मधल्या भोकाला लागून, आणि सीडी भरलेली असेल तर शेवटचं पार कडेला. आता आपण सीडी धरतो कुठं? कडेला. घामाची बोटं कडेला, ओल कडेनं शिरते, उघड्या रॅकमधल्या सीडीला ऊनही कडेनंच लागतं. मैफलीत भैरवी शेवटी असते, म्हणून पहिला मार तिलाच.

दुसरं कारण मोठं आहे. दुकानात मिळायची ती कंपनीची सीडी साच्यातून छापलेली असते, प्लॅस्टिकमध्येच बारीक खड्डे. घरी किंवा स्टुडिओत 'राईट' केलेल्या सीडीत असे खड्डे नसतातच. आत एका रसायनाचा, म्हणजे रंगाचा थर असतो आणि लेझर त्यावर डाग पाडतो. रंग आहे म्हटल्यावर तो उडणारच, खिडकीच्या पडद्याचा उडतो तसा. माझ्याकडं 1998 मध्ये विकत घेतलेली नाट्यगीतांची सीडी आहे. ती 2019 च्या महापुरात दोन दिवस पाण्यात होती. आतला कागद चिकटून लगदा झाला, पण सीडी नळाखाली धुतली आणि वाजली. आबांची सीडी कपाटातल्या कपाटात गेली.

[सीडी उलटी करून]

आणि हे बघा, आपण आयुष्यभर ही खालची बाजू सदऱ्याला पुसत बसलो. तिथं सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड प्लॅस्टिक आहे. साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा तर प्लेअर गणितानं भरून काढतो, सराईत पखवाजी चुकलेली मात्रा सांभाळून घेतो तसा. नाजूक बाजू वरची आहे. चकाकणारा थर लेबलच्या लगेच खाली असतो. त्यावर बॉलपेननं नाव लिहिलं असेल तर तुम्ही थेट गाण्यावरच लिहिलंय!

सीडी आली 1982 मध्ये. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून बनवलेली. आवाजाचं एका सेकंदात 44,100 वेळा माप घ्यायचं, ते आकड्यांत लिहायचं. मिनिटाला दहा एमबीच्या वर जागा. एमपी3 नं त्यातलं कानाला सहसा जाणवत नाही ते काढून टाकलं आणि तेच मिनिट एक-दोन एमबीवर आणलं.

परदेशात यापुढची गोष्ट अशी सांगतात, की 2003 मध्ये ॲपलनं 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं आणि डाऊनलोडचं युग आलं. आपल्याकडं कुणी 99 सेंट मोजलेत? आपलं डाऊनलोडचं युग म्हणजे एसटी स्टँडजवळची मोबाईलची दुकानं आणि काचेवरची पाटी, "मेमरी कार्ड भरून मिळेल". वीस रुपयांत चारशे गाणी, आणि निवड दुकानदाराची! आपण सांगायचं फक्त 'जुनी', 'नवीन' किंवा 'देवाची'. ते युग अजून संपलेलं नाही, बरं का. गळीत हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत जाणारा ट्रॅक्टर बघा. मागं रिफ्लेक्टर नसेल, पण पुढं पेनड्राइव्ह असणारच. त्याला रेंज लागत नाही, महिन्याचे पैसे लागत नाहीत, मध्येच जाहिरात येत नाही.

मग 2016 मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि 2019 मध्ये स्पॉटिफाय हे स्ट्रीमिंगचं, म्हणजे नेटवरून थेट गाणी ऐकवणारं ॲप भारतात आलं. मीही पैसे भरतो, खोटं कशाला बोलू. रंकाळ्यावर चालताना सीडी प्लेअर घेऊन कोण फिरणार?

पण ॲपमधली गाणी आपली नसतात, भाड्याची असतात. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गायब झाली, कारण दोघांचा करार जुळला नाही. नंतर ती परत आली. 2024 मध्ये एअरटेलनं विंक हे गाण्यांचं ॲपच गुंडाळलं. तुम्ही चार वर्षं खपून केलेली प्लेलिस्ट दुसऱ्याच्या जागेत उभी असते. मालक म्हणाला उठा, की उठायचं.

कलाकाराचंही बघा. सगळ्यांच्या वर्गणीचे पैसे एका पेटीत जातात आणि कुणाची गाणी किती ऐकली गेली त्या प्रमाणात वाटले जातात. 2024 पासून स्पॉटिफायवर एखादं रेकॉर्डिंग वर्षात हजार वेळा वाजलं नाही, तर त्याला त्या वाट्यातलं काहीच मिळत नाही. हजार हा आकडा मुंबईत किरकोळ असेल. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एखाद्या शाहिराला विचारा. कार्यक्रमानंतर टेबलावर ठेवलेल्या दहा सीडी खपल्या, तर रोख हजार रुपये हातात यायचे.

आवाजाचा वाद मी एका वाक्यात मिटवतो. सीडीच्या तोडीचा आवाज देणारी स्ट्रीमिंग ॲप आता आहेत, पण तो तुम्ही पाचशे रुपयांच्या ब्लूटूथ इअरफोनवर ऐकणार असाल तर भांडू नका. ब्लूटूथ तो वाटेत पुन्हा दाबतोच.

मग सीडीचं पुढं काय? धंदा म्हणून संपली, असं माझं मत. अमेरिकेत 2022 मध्ये ग्रामोफोनच्या तबकड्या नगानं सीडीपेक्षा जास्त खपल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. तबकडी निदान दिसायला तरी देखणी असते. कोरियन बँडच्या सीडी ढिगानं खपतात, पण पोरं त्या आतल्या फोटोकार्डांसाठी घेतात. कित्येकांच्या घरी प्लेअरच नसतो.

आणि माझी अडचण नेमकी प्लेअरचीच आहे. शाहू महाराजांच्या दरबारी गवई अल्लादिया खाँसाहेब, त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. 1977 मध्ये नासानं व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर केसरबाईंचं 'जात कहाँ हो' आहे. आणि राग कुठला? भैरवी! पण मला आवडते ती पुढची गोष्ट. त्या लोकांनी तबकडीबरोबर सुईसुद्धा पाठवली, आणि ती कशी ठेवायची याचं चित्र वेष्टनावर कोरलं. तिकडं कुणाच्या घरी ग्रामोफोन नसणार, एवढं त्यांना सुचलं. मी मात्र सीडी जपली आणि प्लेअर भंगारवाल्याला दिला.

तेव्हा घरात लग्नाची, बारशाची, आजीच्या ओव्यांची, शाळेच्या गॅदरिंगची राईट केलेली सीडी असेल तर ती आधी काढा. कंपनीच्या सीडी थांबू शकतात, ही थांबणार नाही. यूएसबीला लावायचा ड्राइव्ह अजून मिळतो, नाहीतर जुना सीपीयू शोधा. साध्या पाण्यानं धुवा, मऊ कापडानं मधून कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नको. कॉपी करताना एमपी3 नको, फ्लॅक (FLAC) प्रकारची फाईल करा. सीडीच्या साधारण निम्मी जागा लागते आणि आवाजातलं काही जात नाही. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्याच्या घरी. आमच्याकडं नदी घरात येते, म्हणून दुसऱ्याच्या घरी.

एका ड्राइव्हवर अडकली म्हणून सोडू नका, दुसऱ्यावर लावून बघा. मी तीन ड्राइव्ह बदलले आणि वेग कमीत कमी ठेवला. तिसऱ्या ड्राइव्हनं चार मिनिटांच्या भैरवीला पाऊण तास घेतला आणि तीन मिनिटं दहा सेकंद दिली. पुढं नुसती खरखर आहे. आबा शेवटच्या कडव्याला सूर चढवायचे, तो गेला. त्याच्या आधी ते पखवाजवाल्या काकांना हळूच "सावकाश" म्हणतात. सीडीवर ते इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं, परवा हेडफोन लावल्यावर ऐकू आलं.

लावतो. मी गप्प बसतो आता.

[प्ले]