भात, पेंढा आणि बाहीवरची लव

नमस्कार श्रोतेहो.

अंगातल्या सुती शर्टाची बाही जरा खिडकीच्या उजेडात आडवी धरा. कडेला बारीक लव दिसेल. चार धुण्यांनंतर हिचेच गोळे होतात आणि नवा सदराही जुनाट दिसायला लागतो. ही लव उतरवण्याचं काम मी ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका कारखान्यात बरीच वर्षं केलं. वस्तऱ्यानं नव्हे, एन्झाइमनं, म्हणजे मोठे रेणू तोडणाऱ्या प्रथिनानं.

सूत म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांबच लांब साखळी. गंमत अशी की भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच. मग भात आपण खातो आणि पेंढा म्हशीपुढे टाकतो, असं का? फरक सांध्याचा. स्टार्चच्या साखळीला वळण असतं, ती गोल गोल फिरत जाते. सेल्युलोजची प्रत्येक कडी शेजारणीच्या उलट्या अंगावर असते, म्हणून साखळी सरळ राहते आणि अशा सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगतात. हा सांधा सोडवणारं एन्झाइम आपल्या पोटात नाही. खरं तर म्हशीकडेही नाही. तिच्या पोटातले सूक्ष्मजीव तिच्यासाठी राबतात.

भिवंडीच्या मागावरून आलेल्या कापडाला खळ, म्हणजे स्टार्चचा लेप, असायची. ती आम्ही अमायलेज या स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमनं काढायचो. अमायलेज खळ तेवढी खातं, सुताला हातही लावत नाही. सुताला हात लावतं ते सेल्युलेज, म्हणजे सेल्युलोज तोडणारं एन्झाइम, आणि तिथेच आमची खरी कसोटी.

भाताची पेंढी डोळ्यांसमोर आणा. बंध आवळलाय तिथे बोट शिरत नाही, टोकाला मात्र काड्या विस्कटलेल्या. सुताच्या तंतूतही असंच, काही भागांत साखळ्या शिस्तीत रचलेल्या, काही भागांत सैल. सेल्युलेज आधी सैल भागाला लागतं. त्यातही कामं वाटलेली: एक जात साखळी मधेच तोडते, दुसरी मोकळ्या झालेल्या टोकावर चढून दोन-दोन कड्या काढत पुढे सरकते, तिसरी त्या जोड्या फोडते. पण हे प्रथिनांचे रेणू अंगानं मोठे, तंतूच्या आत फारसे शिरू शकत नाहीत. म्हणून झीज वरवरची. लवेचे बारीक तंतू आधी कमकुवत होतात आणि धुण्याच्या यंत्राच्या फिरत्या ड्रममधल्या आपटण्यानं तुटून पडतात. एन्झाइम नुसतं घालून कापड शांत भिजत ठेवलं, तर लव म्हणावी तशी उतरत नाही, हे आम्ही करून पाहिलंय.

जीन्सचंही तेच. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच बसतो. वरचा थर झिजला की आतला पांढरा डोकावतो. पूर्वी यासाठी ड्रममध्ये प्युमिसचे, म्हणजे ज्वालामुखीतले हलके, सच्छिद्र दगड घालत. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून एन्झाइम आलं आणि दगडांचा धुरळा कमी झाला.

हे एन्झाइम देणारी बुरशी सापडली ती नासाडी करताना! दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. त्यातली ही ट्रायकोडर्मा. एल्विन रीस या शास्त्रज्ञानं तिचा अभ्यास केला, म्हणून तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसेई. मूळकूज होऊ नये म्हणून शेतकरी जी ट्रायकोडर्मा पावडर वापरतात, ती हिच्याच कुळातली.

आता माझी फजिती. आम्लधर्मी सेल्युलेजला पाणी लागतं ५० ते ५५ अंशांचं आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, पाचच्या आसपास. काम झालं की सोडा घालून, तापमान ८० अंशांवर नेऊन ते मारायचं. कापडाच्या वजनात तीन ते पाच टक्के घट झाली, तर चालते. एका रात्री वीज गेली, ड्रम थांबला. मी म्हटलं, यंत्र थांबलं म्हणजे काम थांबलं. पाणी गरम, एन्झाइम जिवंत, आणि मी बाहेर चहा पीत उभा! सकाळी एक पँट कंबरेला धरून ओढली. शिवण शाबूत राहिली, कापडच टरकलं.

त्या लॉटमधली एक पँट मी घरी आणली. आईनं तिचं पोतेरं केलं. आठवडाभरात त्याच्याही दशा झाल्या.